उरल्या बियाच्या पानग्या

पानगी तव्यावर भाजतात, असे मला शहरातले लोक सांगतात. भाजत असतील. आमच्या वाडीत ती खापरात भाजत, खाली निखारे आणि वर निखारे ठेवून, आणि तिच्या पोटात फणसाचे सारण असे. फणस बरका लागे. काप्या फणसाचे गरे खायला चांगले, पण त्यांचा रस निघत नाही. आई फणसावर टिचकी मारून आवाज ऐके आणि तो आज फोडायचा की उद्या, हे ठरवी. फोडताना हाताला आणि विळीला तेल, नाहीतर चीक दोन दिवस सुटत नाही. गरे रोवळीवर घासून रस काढायचा आणि गूळ घालून आटवायचा. आटत आलेला रस ढवळताना अंगावर उडतो. आईच्या उजव्या मनगटावर त्याचे जुने डाग होते. मग ओले खोबरे, सुंठ, चिमूटभर मीठ. केळीचे पान विस्तवावरून फिरवून मऊ करायचे, त्यावर तांदळाची उकड थापायची, मध्ये सारण ठेवून पान मिटायचे. खापरात पानग्या रचल्या की वर पत्रा आणि पत्र्यावर निखारे. थोड्या वेळाने आतून चर्र असा बारीक आवाज येऊ लागतो. तो थांबला की पानगी झाली. आई त्या आवाजाकडे कान लावून बसे, आणि तेवढ्यात कोणी बोलले तर हाताने त्याला गप्प करी.

आमची वाडी पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर होती. घरे आठ. भात, नाचणी, चार गुरे, आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईला. आमच्याकडून थोरला भाऊ गेला होता. घरी आई-वडील, वहिनी, भावाची चार वर्षांची मुलगी सुमी आणि मी. बारावी होऊन मला दोन वर्षे झाली होती. नोकरी नव्हती, आणि शेतात माझे मत कोणी विचारत नव्हते.

वाडीत एक रीत होती, ती इतरत्र मी पाहिली नाही. राबात, म्हणजे भाजून तयार केलेल्या रोपांच्या वाफ्यात, पावसाआधीची धूळपेरणी झाली की टोपलीत जे बी उरेल, ते घरात ठेवायचे नाही. पुढच्या वर्षाला बी नवे. जुने उरलेले ठेवले तर पेरलेले रुसते, असे म्हणत. ते कांडायचे, धुवायचे, दळायचे, आणि फणसाच्या पानग्या करून वाडीतल्या प्रत्येक घरी द्यायच्या. ज्याची पेरणी आधी, त्याच्या पानग्या आधी. लहान मुले पेरणीची वाट पाहत ती याचसाठी. रीत चांगली होती. वर्षातल्या सर्वांत ओढगस्तीच्या दिवसांत तिच्यामुळे आठही घरांत एकदा तरी गोड होई.

त्या उन्हाळ्यात मी पोलादपूरला शेतीच्या एका शिबिराला गेलो. तीन दिवस. तेथे बियाण्याला बुरशीनाशक चोळायला शिकवले. आमचे आवण, म्हणजे भाताची रोपे, दर वर्षी पिवळे पडे आणि जागोजाग बसे. त्याचे कारण मला तेथे प्रथम कळले. घरी येऊन मी ते वडिलांना सांगितले. वडील ओटीवर दावे वळत होते.

"बियाला अवशद?" ते म्हणाले. "बी काय आजारी हाय? उद्या बैलाला चष्मा लावशील."

वहिनी आत हसली. आई हसली नाही, पण तिने माझी बाजूही घेतली नाही. वडिलांनी पुन्हा दाव्याला पीळ दिला, म्हणजे बोलणे संपले. ते मारकुटे नव्हते. त्यांनी मला आयुष्यात दोनदा मारले असेल. परंतु ते एखाद्याला हसले की तो माणूस वाडीत पुढे वर्षभर त्या हसण्यानेच ओळखला जाई. मला त्याचे भय होते. काठीचे भय याहून बरे.

म्हणून मी चोरून केले. बाजारातून पुडी आणली, आणि घर गुरांमागे व कामाला गेले असताना बियाचा डबा परसात नेऊन पावडर चोळली. पावडर पांढरट होती. भाताच्या टरफलावर ती धुळीसारखी बसली. हात राखेने तीनदा धुतले. पुडी घडी करून वळचणीत खोचली. उरणाऱ्या बियाचा विचार मी केलाच नव्हता, असे नाही. पेरणीला अजून आठवडा होता. त्या दिवशी आपण हजर राहू, आणि उरेल ते आपणच राबाच्या कडेला फेकून देऊ, असे मी ठरवले होते. ठरवलेल्या गोष्टीला दुसऱ्या माणसाचा आधार नसेल तर ती ठरलेली नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे मी महाडच्या एका कारखान्यात रसायनांच्या कोठारावर नोकरी केली. तेथे चिठ्ठी न चिकटवलेला डबा मी कधी ठेवू दिला नाही. हाताखालची माणसे मला मागे काय म्हणत, ते मला माहीत आहे.

दोन दिवसांनी वरंधहून आत्याचा निरोप आला. तिचे यजमान अंथरुणाला खिळले होते आणि पावसाआधी घर शाकारायचे राहिले होते. वडिलांनी मला पाठवले. मी तीन दिवस तेथे छपरावर होतो. चौथ्या दिवशी एसटीने महाड, तेथून पोलादपूर, पुढे कापड्यापर्यंत मिळेल ते वाहन, आणि मग चढ. दुपार टळत होती. अर्ध्या चढावर वास आला. करपत्या केळीच्या पानाचा आणि फणसाचा वास एकत्र आला की तो दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही. मला आनंद झाला. हे मुद्दाम लिहितो. कोणाकडे तरी पेरणी झाली, असे मनात येऊन मी पावले उचलली. आमच्या घराचा धूर दिसला तेव्हा पावले मंदावली.

वडील ओटीवर बसून खात होते. सुमी त्यांच्या मांडीला टेकून खात होती. वहिनी रिकामी टोपली घेऊन वाटेने परत येत होती.

"भावजी, बरे टायमाला आलात," ती म्हणाली. "सगळीकडं वाटून आले बघा."

"कशाच्या गो?"

"कशाच्या म्हंजे? बियाच्या. दरसाल कशाच्या असतात?"

"पेरणी शनवारी होती ना?"

"आभाळ भरून आलं आन बाबांनी उरकली. तुमी गेलात त्याच्या दुसऱ्या रोजी."

वडील म्हणाले, "बी लय धुळकट होतं यंदा. किडा लागला व्हता का काय. हात पांढरे झाले." मग माझ्याकडे पाहून, "उभा काय रायलास? बस. गरम हाय तवर खा."

आईने आतून पानगी आणून माझ्यापुढे ठेवली. मी बसलो. पान सोडले. वाफ तोंडावर आली. आजवर ही गोष्ट मी ज्यांना सांगितली, त्यांना येथवरच खरी सांगितली आहे. मी पानगी खाल्ली. बोलणे जड होते आणि खाणे त्यामानाने सोपे होते, एवढेच त्याचे कारण. चवीत काही खोट नव्हती. सारण नेहमीसारखे गोड, कडा नेहमीसारख्या कडक. मी प्रत्येक घास चावून गिळला आणि मनात म्हणत राहिलो की चव बरी आहे, म्हणजे काही नसेल. वडील आत्याच्या घराबद्दल विचारत होते. मी उत्तरे देत होतो. पेंढा पुरला का? पुरला. तिच्या माणसाचं कसं? तसंच.

सुमीने आजीकडे हात पसरला. "अजून एक."

"दोन झाल्या की," वहिनी म्हणाली.

"खाऊं दे गो," आई म्हणाली. "वरसातून एकदा."

सुमीने तिसरी पानगी घेतली. पान उलगडले. ती फुंकर घालत होती, आणि मी तिच्या ओठांकडे पाहत होतो. तिने एक घास घेतला. दुसरा घेतला. मग तिने उरलेल्यातला तुकडा मोडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "काका, तू घे. तुला एकच गावली."

तेव्हा मी बोललो.

"आये, त्या बियाला मी पावडर चोळलेली."

कोणाला काही कळले नाही. आई म्हणाली, "कसली पावडर?" मी सांगितले. वडिलांनी हातातला घास पानावर ठेवला.

"माणसाला चालती?"

"नाय."

"मंग?"

"इख हाय, बाबा."

आईने सुमीच्या हातातले पान उडवले, तिला बखोटीला धरून मोरीवर नेले आणि मिठाचे पाणी पाजून घशात बोटे घातली. सुमी किंचाळली, आईला चावली, मग ओकली. वहिनी रिकाम्या टोपलीजवळ खाली बसली होती. "मी दारोदार दिली," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "माझ्या हातानं दिली."

मी वडिलांची वाट पाहत होतो. त्यांनी मारावे, असे मला वाटत होते. ते उठले, डोक्याला मुंडासे गुंडाळले आणि म्हणाले, "मी कापड्यात जीप बघतो. तू घरंघरं जा. तुझ्या तोंडानं सांग. कुनी किती खाल्ल्या ते इचार. सगळ्यांना खाली आन." आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस उतारावरून पळत गेला. वडिलांना पळताना मी त्याआधी पाहिले नव्हते.

सात घरे. अंतर फार नव्हते, पण प्रत्येक दारात तेच वाक्य पुन्हा सांगावे लागे, आणि ते दर वेळी नव्याने तोंडात अडके. दोन घरी पानग्या अजून झाकून ठेवल्या होत्या. त्या मी गोळा करून धोतराच्या फडक्यात बांधल्या. बाकीच्यांनी खाल्ल्या होत्या. धर्माआजा नावाचे म्हातारे गृहस्थ बाजेवर पडले होते. त्यांनी चार खाल्ल्या होत्या. ते खाली यायला तयार होईनात.

"मी इखानं मरायचा नाय रे," ते म्हणाले. "म्हातारी पन्नास वरसं मला रांधून घालतीय. काय झालं?"

"उठा, नायतर पाटकुळीला मारून नेईल तो," त्यांची बायको म्हणाली, आणि रडू लागली.

शेवटचे घर गंगाकाकीचे. तिची मुलगी शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. या घरी जायला मी सर्वांत उशीर केला, हे आज मला दिसते. तेव्हा मी ते वाटेच्या क्रमावर ढकलले. गंगाकाकी दारात तांदूळ निवडत होती.

"दिनू, तुझ्या आयशीची पानगी आन इख? पुरं कर मस्करी." मग तिने माझे तोंड पाहिले. सूप तिच्या हातून खाली आले.

शेवंती आतून भिंत धरत आली. "मी दोन खाल्ल्या," ती म्हणाली. "तुजी वैनी म्हणाली, दोन जिवांची हायस, दोन घे." तिने पोटावर हात ठेवला. आम्ही तिघेही त्या हाताकडे पाहत उभे राहिलो. "आये, हालत नाय गो," ती म्हणाली. "मघाशी हालत होतं. आता हालत नाय."

गंगाकाकीने मला शिवी दिली नाही. तिने शेवंतीचा एक हात धरला आणि मला म्हणाली, "दुसरा धर." उतारभर ती दर दहा पावलांवर विचारी, "हाललं?" आणि शेवंती मान हलवी. नाही. मी तिच्या हातापलीकडे काही पाहिले नाही. पायाखालची वाट मला आजही आठवत नाही.

कापड्यातून एक जीप मिळाली होती. तिच्यात आम्ही चौदा जण बसलो. दोन तरणी मुले मागे लटकली. सुमी आईच्या मांडीवर होती. ओकून दमल्यामुळे तिचे डोळे मिटत होते. मला शिबिरातले एक वाक्य आठवत होते की विषबाधेत गुंगी येते. म्हणून मी तिला चिमटे काढत होतो. ती रडली की मला बरे वाटे. गप्प झाली की मी पुन्हा चिमटा काढी. शेवटी आईने माझा हात बाजूला केला. जीप सपाट रस्त्याला लागली तेव्हा शेवंतीने अचानक आपल्या आईचा हात घट्ट पकडला. "हाललं," ती म्हणाली. गंगाकाकी खिडकीबाहेर तोंड करून बसली आणि पोलादपूर येईपर्यंत तिने ते आत घेतले नाही.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. मी वळचणीतली पुडी बरोबर आणली होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग त्यांनी मला बाजूला सारून आईला विचारले, "आजी, या भाताचं तुम्ही काय काय केलं, ते सगळं सांगा. काही गाळू नका."

आईला वाटले, तिच्या स्वयंपाकावर ठपका येतो आहे. तिने पदर खोचून एकेक सांगितले. उखळात कांडले. पाखडले. कोंडा शेणखताच्या खड्ड्यात टाकला. पुन्हा कांडले, पुन्हा पाखडले. तांदूळ धुतले.

"किती वेळा?"

"पानी निवळ होईस्तवर. तीनदा. चारदा म्हना. यंदा लय गढूळ येत होतं." तिने पुडीकडे पाहिले. "मी म्हनलं, किडा हाय."

"कोंडा गुरांना नाही ना घातला?"

"नाय वो. पिठाचा कोंडा घालतो, टरफल नाय घालत."

डॉक्टरांनी पुडी टेबलावर ठेवली. पावडर टरफलावर असते, ते म्हणाले. बहुतेक टरफलाबरोबर आणि पाण्याबरोबर गेली असेल. बहुतेक काही होणार नाही. पण दिवस मावळेपर्यंत कोणी येथून हलायचे नाही, आणि कोणाला मळमळले, डोके दुखले, हात थरथरले, तर लगेच सांगायचे. शेवंतीला त्यांनी आत खाटेवर घेतले.

हे ऐकल्यावर बहुतेकांचे हात थरथरू लागले. आम्ही पडवीत भिंतीला टेकून रांगेने बसलो होतो. त्या दोन तासांइतका लांब काळ मी पुन्हा अनुभवला नाही, आणि माझ्या आयुष्यात दोन आजारपणे व एक मृत्यू अशा दवाखान्यांच्या पडव्यांत गेले आहेत. कोणी खोकले की सगळ्या माना वळत. एका बाईला उलटी झाली. डॉक्टर धावत आले, तपासले आणि म्हणाले, भीतीने झाली. ती पुसता पुसता दुसरीला झाली. धर्माआजांनी मोठी ढेकर दिली आणि सगळे उठून उभे राहिले. "फणसाची हाय," ते म्हणाले, "बसा." कोणी हसले नाही. वहिनीने मांडीवर सुमीला घेतले होते आणि तिच्या नाकापुढे बोट धरले होते, श्वास लागतो का ते पाहायला. ते बोट तिने काढले नाही. माझ्याही पोटात तीच पानगी होती, पण मला माझी भीती वाटत नव्हती. सुमी झोपेतून जागी होणार नाही, याची वाटत होती.

उन्हे उतरली तेव्हा सुमी उठून बसली. तिने सर्वांकडे पाहिले आणि म्हणाली, "मला शू आली." वहिनी तिला उचलून धावली. धर्माआजांची बायको पुन्हा रडली. थोड्या वेळाने गंगाकाकी आतून आली आणि म्हणाली, पोर लाथा मारतंय. पुढे आठ दिवसांनी शेवंतीला मुलगा झाला. कोणाला काही झाले नाही. आमच्या वाडीत उरल्या बियाच्या पानग्या मात्र पुन्हा झाल्या नाहीत. रीत कोणी बंद केली नाही. पुढच्या वर्षी कोणाच्या टोपलीत बी उरलेच नाही. सर्वांनी राबात दाट पेरले.

सुमी आता ठाण्याला असते. तिच्या मुलांना ती ही गोष्ट सांगते. त्या गोष्टीत काका वरंधहून येतो, दारातूनच ओरडतो आणि सगळ्यांना वाचवतो. वाडीतही ती अशीच सांगतात. ती अशी कोणी केली, ते लिहायचे आहे.

सगळ्यांना घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी नोंदवही पुढे ओढली. किती जण, कोणी किती खाल्ले, हे लिहून झाले. मग त्यांनी मला विचारले, "तुम्हाला हे कळलं कधी? आणि कळल्यावर किती वेळानं सांगितलंत?"

प्रश्न साधा होता. वहिनी तेथे होती, आई होती, गंगाकाकी दारात होती. मी तोंड उघडले. माझ्याआधी वडील बोलले. दुपारपासून ते मला उद्देशून एक शब्द बोलले नव्हते.

"आल्या आल्या सांगितलं त्यानं," ते म्हणाले. "पायातल्या वहानाबी काढल्या नव्हत्या."

डॉक्टरांनी तसे लिहिले. वडील खोटे बोलत नसत. बाजारात बैल विकतानाही त्याची खोड आधी सांगत. आई जमिनीकडे पाहू लागली. मीही खाली पाहिले. माझे पाय उघडे होते. डोंगर उतरताना ते दोन ठिकाणी फाटले होते आणि रक्त वाळले होते. वहाणा घरी, ओटीच्या पायरीशी होत्या. पानगी खायला बसताना मी त्या काढल्या होत्या, नीट जोडून.

वडिलांनीही ते पाय पाहिले. मग त्यांनी डोक्याचे मुंडासे सोडले, दातांनी फाडून त्याचे दोन तुकडे केले आणि माझ्यापुढे टाकले.

"बांध," ते म्हणाले. "चढ हाय."